भातसाचे पाणी आणि शहापूरची भातखाचरे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांची पातळी पावसाळ्यात आपल्या अंकात नियमित छापून येते. या सातांची साठवण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असून तिच्यातील जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. ज्या शहापूर तालुक्यात हे धरण आहे, तेथील अनेक गावपाडे मात्र दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

याची चर्चा पाणीवाटपापाशीच थांबते, जमिनीपर्यंत पोहोचत नाही. या भागात पाऊस धो धो पडतो, पण खाली काळा कातळ आणि वर उतार, त्यामुळे पाणी पाहता पाहता ओढ्यांतून निघून जाते. त्याला थोपवतात ती बांध घातलेली भातखाचरे. पाणी तेथे उभे राहते, वाहून आलेली माती तेथेच बसते आणि कापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा निघतो. आता नाशिक महामार्गाच्या परिसरात अशा खाचरांवर मुरमाचा भराव पडून गोदामे आणि फार्महाऊसचे प्लॉट उभे राहत आहेत, आणि त्यांतील हिरवळीसाठी भर मे महिन्यात बोअरवेल उपसली जाते. (हे प्लॉट घेणारे बहुतेक आपण मुंबई-ठाणेकरच!) जमीन विकणाऱ्याला तरी दोष कसा द्यावा? धरण उशाला असून रब्बीला पाणी मिळत नसेल, तर एका भातपिकावर घर चालत नाही.

तेव्हा मुंबईच्या पाणीपट्टीतील छोटासा हिस्सा पाणलोटातील बांधबंदिस्तीसाठी राखून ठेवावा आणि तो ग्रामसभांच्या देखरेखीखाली खर्च व्हावा. भातसाच्या कालव्याची रब्बी आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, आधी जाहीर करून ती पाळली जावीत, म्हणजे शेतकऱ्याला पेरणीचा अंदाज बांधता येईल.

दुसरीकडे, सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर रोज प्रक्रिया करू शकतील अशी सात केंद्रे महापालिकेने हाती घेतली आहेत. त्या पाण्यापैकी किती, कोणत्या बांधकामांना, कारखान्यांना आणि उद्यानांना सक्तीने दिले जाणार, याचे वेळापत्रक जाहीर झाल्याशिवाय मुंबईच्या वाढीव पाण्यासाठी तानसा अभयारण्यातील जंगल बुडवणाऱ्या नियोजित गारगाई धरणाचे काम पुढे रेटू नये.

आपला,
एक वाचक, भांडुप, मुंबई