जुने विनोदी कार्यक्रम तुकड्यांत नकोत, सलग दाखवा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दूरचित्रवाणीवरील जुनी प्रहसने आणि विविधरंगी करमणुकीचे कार्यक्रम पुन्हा पाहणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि ‘पूर्वीसारखा विनोद आता होत नाही’ हे वाक्यही त्याबरोबर वरचेवर ऐकू येते. या तक्रारीचे मूळ आजच्या लेखकांच्या कुवतीत कमी आणि आपण जुने कार्यक्रम ज्या पद्धतीने पाहतो तीत अधिक आहे, असे मला वाटते. आपल्या हाती येतात ते चार-पाच मिनिटांचे निवडक तुकडे. त्या काळी फसलेले सारे चाळणीतून आधीच खाली गेलेले असते आणि उरलेल्या उत्तम ऐवजाची तुलना आपण या आठवड्याच्या अख्ख्या भागाशी करतो.

अमेरिकेतील ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. ११ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसारित झालेल्या त्याच्या पहिल्या भागात जॉर्ज कार्लिन हे सूत्रसंचालक होते, दोन पाहुणे गायक होते, जिम हेन्सन यांच्या बाहुल्या होत्या, एक लघुपटही होता. पुढे ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम ओळखला गेला, त्या नटसंचाच्या वाट्याला त्या गर्दीत बेताचाच वेळ आला होता. दीड तासाच्या या कार्यक्रमात सर्वांत विक्षिप्त प्रहसने रात्री एकच्या सुमारास, अगदी शेवटी ठेवण्याचा प्रघात पडला. सलग भाग पाहणाऱ्याला ही चढउतार कळते, मधली दोन-तीन प्रहसने रटाळ वाटतात, आणि तरीही लोक पुढच्या शनिवारी का परतत होते तेही उमगते. निवडक प्रहसनांच्या संकलनातून यातले काहीच कळत नाही.

व्हरायटी शोच्या, म्हणजे विविधरंगी करमणुकीच्या कार्यक्रमांच्या, बाबतीत तर नुकसान आणखी मोठे आहे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ‘द एड सलिव्हन शो’ या अमेरिकी कार्यक्रमात बीटल्स हा ब्रिटिश गायकवृंद आला आणि सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी त्यांना पाहिले, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण त्यांच्या गाण्यांच्या पहिल्या फेरीनंतर लगेच फ्रेड कॅप्स या डच जादूगाराचे प्रयोग झाले, हे किती जणांना ठाऊक असेल? त्याच तासात ‘ऑलिव्हर!’ या संगीतिकेतील प्रवेश होता (त्यात गाणारा डेव्ही जोन्स पुढे ‘द मंकीज’ या गायकवृंदामुळे स्वतःच तरुणांचा लाडका झाला), फ्रँक गॉर्शिन यांच्या नकला होत्या, टेसी ओशे यांची गाणी होती, आणि मिट्झी मॅकॉल व चार्ली ब्रिल या जोडीचे एक प्रहसनही होते, जे बीटल्ससाठी आतुर झालेल्या मुलींपुढे साफ पडले. घरात एकच संच आणि त्यापुढे तीन पिढ्या, हे गृहीत धरून असा कार्यक्रम रचला जाई. आपल्या आवडीचे येईपर्यंत दुसऱ्याच्या आवडीचे बघत बसणे हा त्याचा भागच होता. नेमके तेच आज कापले जाते.

ही कापाकापी नवी नाही. १९६७ ते १९७८ या काळात चाललेल्या ‘द कॅरोल बर्नेट शो’चे तासाभराचे भाग पुनर्प्रक्षेपणासाठी अर्ध्या तासात बसवताना नाचगाणी वगळून प्रहसने तेवढी ठेवली गेली, त्यामुळे तो मुळात व्हरायटी शो होता हेच अनेकांच्या लक्षात राहिले नाही. त्यातील दंतवैद्याच्या प्रहसनात टिम कॉन्वे यांच्यापुढे हार्वी कॉर्मन यांना हसू आवरत नाही, तो तुकडा आजही सर्वत्र फिरतो. तो पाहून मीही पोट धरून हसतो. पण नटाचा तोल सुटण्यातली गंमत, बाकीच्या वेळी तो किती काटेकोरपणे सांभाळला जात होता हे पाहिल्यावरच पुरती कळते.

प्रक्षेपकांच्या अडचणी खऱ्या आहेत. गाण्यांचे हक्क नव्याने मिळवणे महाग पडते. काही भाग तर उरलेलेच नाहीत. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि पीटर कुक व डडली मूर या विनोदी नटांच्या बीबीसीवरील मालिकेचा मोठा हिस्सा असाच नष्ट झाला.

आजच्या दृष्टीने आक्षेपार्ह असलेल्या प्रहसनांचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. जून २०२० मध्ये ‘लिटल ब्रिटन’ ही ब्रिटिश विनोदी मालिका, त्यातील गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीय पात्रांसाठी केलेल्या रंगभूषेमुळे, बीबीसीच्या आणि नेटफ्लिक्सच्या संग्रहातून काढण्यात आली. अशी रंगभूषा मला पूर्वीही खुपत असे. तरीही सुरुवातीला स्पष्ट सूचना आणि मूळ प्रसारणाची तारीख देऊन भाग उपलब्ध ठेवणे मला अधिक योग्य वाटते. गुपचूप केलेल्या काटछाटीने तर तो काळ होता त्याहून सभ्य भासू लागतो. तारखेचा उपयोग इतरत्रही होतो: सप्टेंबर १९६८ मध्ये ‘लाफ-इन’ या अमेरिकी विनोदी कार्यक्रमात रिचर्ड निक्सन काही क्षणांपुरते झळकले, त्यातली गंमत ते तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते हे माहीत असल्याशिवाय कळणार नाही.

आपल्या दैनिकात अशा जुन्या कार्यक्रमांची शिफारस छापताना उपलब्ध आवृत्ती पूर्ण आहे की संक्षिप्त, आणि संक्षिप्त असल्यास काय वगळले आहे, हे एका ओळीत नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक