घरविक्रीतील प्रतिनिधीच्या वर्तनाबाबत तक्रार आणि दलाली परत मिळण्याबाबत

दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : कोथरूड येथील सदनिकेच्या विक्रीत आपल्या प्रतिनिधीने आमची किमान किंमत परस्पर खरेदीदारास कळवल्याबाबत, भरलेली दलाली परत मिळणे व उर्वरित मागणी रद्द होणेबाबत.

संदर्भ : आपल्याशी झालेला १० जानेवारी २०२५ चा करार, माझा २८ एप्रिलचा ई-मेल आणि त्यास आपले १५ मेचे उत्तर.

महोदय,

संदर्भीय उत्तरात आपण दोनच गोष्टी कळवल्या आहेत. व्यवहार आमच्या संमतीने पूर्ण झालेला असल्यामुळे दलालीचे उर्वरित ५१,४८० रुपये सात दिवसांत भरावेत, ही एक. आणि पुनर्विक्रीचे व्यवहार महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) कक्षेत येत नसल्याने आमची तक्रार ‘ग्राह्य धरता येत नाही’, ही दुसरी. मी विचारलेला प्रश्न यांपैकी कोणताच नव्हता. ८६ लाखांच्या खाली आम्ही येणार नाही, पण ८६ ला थांबू, ही गोष्ट माझे पती, मी आणि आपले प्रतिनिधी एवढ्या तिघांनाच ठाऊक असताना ती खरेदीदारापर्यंत कशी पोहोचली, असे मी विचारले होते. त्याचे उत्तर आलेले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आमची सदनिका १९९४ साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, चटई क्षेत्र ६४० चौरस फूट, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे जिने चढणे दोघांनाही अवघड होऊ लागल्याने आम्ही नाशिकला मुलीजवळ राहायला जाण्याचे ठरवले आणि तेथे बांधकाम पूर्ण होत आलेली एक सदनिका नोंदवली. त्या सदनिकेचा मोठा हप्ता १५ एप्रिलपर्यंत भरायचा होता व तो कोथरूडच्या घराच्या पैशांतूनच भरला जाणार होता. आपल्या कंपनीशी आम्ही चार महिन्यांचा करार केला, ज्यात त्या मुदतीत दुसऱ्या कोणत्याही दलालामार्फत घर विकायचे नाही, असे बंधन आमच्यावर होते. त्याच कराराच्या चौथ्या कलमात ‘कंपनी विक्रेत्याच्या हिताचे प्रतिनिधित्व करील’ असे आपणच छापलेले आहे. बंधन आम्ही पाळले. या पत्राचा सगळा मुद्दा चौथ्या कलमाचा आहे.

करारावर सह्या झाल्या त्या सकाळी आपले प्रतिनिधी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. मी पोहे केले होते. बोलणे मोकळेपणाने चालले होते, आणि जाहिरातीत ९२ लाख लिहायचे ठरल्यावर त्यांनी स्वतःहून विचारले, ‘‘काकू, खरं सांगा, शेवट कुठं?’’ मी एकतीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली आहे. कोणापुढे कोणता आकडा उच्चारायचा याचे थोडेफार भान मला असायला हवे होते. पण समोरचा माणूस आपण नेमलेला, आपल्या बाजूने बोलणारा आहे, असे समजून आम्ही ८६ हा आकडा सांगितला आणि त्याच्या पाठोपाठ नाशिकच्या हप्त्याची तारीखही सांगितली. त्यांनी वहीत काहीही लिहून घेतले नाही, याचे त्या वेळी मला कौतुक वाटले होते.

जानेवारीअखेर आम्ही नाशिकला भाड्याच्या घरात आलो आणि घराच्या दोन्ही किल्ल्या आपल्या प्रतिनिधींकडे दिल्या. फेब्रुवारीभर ‘पार्ट्या येत आहेत, पण जिने बघून परत जात आहेत’ एवढाच निरोप मिळत राहिला. ९ मार्च रोजी, रविवारी, त्यांचा फोन आला की एक चांगले कुटुंब ८४ लाखांना तयार आहे, बाजार थंड आहे, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीला याहून जास्त कोणी देणार नाही, तरी मी घासाघीस करून पाहतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, तो ‘आणलेच शेवटी ८६ ला’ असे अभिमानाने सांगणारा. आम्ही मनापासून आभार मानले. ३० मार्चला गुढीपाडव्याच्या दिवशी विसार स्वीकारला, त्याच वेळी दलालीपैकी ५०,००० रुपये आपल्या खात्यात जमा केले आणि प्रतिनिधींच्या घरासाठी अर्धा किलो पेढेही दिले. पेढ्यांचा उल्लेख येथे अस्थानी आहे हे मी जाणते, परंतु त्या दिवशी आमचा त्यांच्यावर किती विश्वास होता, हे सांगायला माझ्याजवळ दुसरे साधन नाही.

खरेदीखताची नोंदणी २४ एप्रिल रोजी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात झाली. नंबर यायला वेळ होता, म्हणून बाकावर बसल्या बसल्या मी खरेदीदार गृहस्थांना विचारले की ८६,००० रुपयांची उद्गमकर कपात कधी भरणार आहात. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का कापून तो आयकर खात्यात भरायचा असतो, ही गोष्ट आपल्या प्रतिनिधींनी त्यांना सांगितलीच नव्हती, असे तेव्हा उघड झाले. ‘बघतो, कदाचित मेसेजमध्ये असेल’ असे म्हणून त्यांनी मोबाइल काढला आणि आपल्या प्रतिनिधींशी झालेला व्हॉट्सॲपवरचा संवाद माझ्यासमोरच वर सरकवू लागले. उद्गमकराविषयी त्यात काही नव्हते. ७ मार्चचा एक संदेश मात्र होता, जो मी शब्दशः देत आहे : ‘मालक ८६ ला तयार आहेत. तुम्ही ८४ ने सुरुवात करा. नाशिकला १५ एप्रिलच्या आत पैसे भरायचेत, घाई त्यांना आहे.’

खरेदीदारांच्या ते लक्षात आल्यावर ते ओशाळले. त्यांनी तो संदेश मला पाठवलाही, आणि या पत्रासोबत त्याची छायाप्रत जोडण्यास त्यांची लेखी संमती आहे. त्यांच्याविषयी आमची कणभरही तक्रार नाही. आपल्याला कमी किमतीत घर मिळावे असे कोणत्याही खरेदीदाराला वाटणारच. त्याच बाकावर त्यांच्याकडून हेही कळले की आपल्या कंपनीने त्यांच्याकडूनही एक टक्का दलाली घेतली आहे. दोन्ही बाजूंनी दलाली घेण्याची पद्धत आपल्या व्यवसायात आहे हे मला माहीत आहे आणि ती उघडपणे सांगून घेतली असती तर माझे म्हणणे वेगळे असते. आम्हाला ती सांगितलेली नव्हती, करारात तिचा उल्लेख नाही, आणि मुख्य म्हणजे दोन्हीकडचे पैसे घेतल्यावरही चौथे कलम तसेच उरते. त्यानंतर दहाच मिनिटांत आमचा नंबर पुकारला गेला. यंत्रावर अंगठा ठेवताना आणि कॅमेऱ्यासमोर बसताना मी काय करू शकत होते? विसार घेतलेला होता, खरेदीदारांचे बँकेचे कर्ज मंजूर झालेले होते, नाशिकच्या हप्त्याची तारीख उलटून विलंब व्याज सुरू झाले होते. ‘आपल्या संमतीने’ हे आपल्या उत्तरातले शब्द वाचताना मला ती दहा मिनिटे आठवतात.

यानंतरची गोष्ट मला मे महिन्यात समजली. आमच्या खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे मेहुणे ३ मार्चला घर पाहून गेले होते आणि त्यांनी आपल्या प्रतिनिधींना ८९ लाख देण्याची तयारी दाखवली होती; मात्र ‘ओळखीतून आलो आहोत, खरेदीदाराच्या बाजूची दलाली देणार नाही’ असेही स्पष्ट सांगितले होते. त्यांना ५ मार्चला ‘टोकन झाले, घर गेले’ असे कळवण्यात आले. आम्ही विसार घेतला तो ३० मार्चला. मधल्या पंचवीस दिवसांत ८९ हा आकडा आमच्या कानावर आला नाही. दोन तारखा आणि दलालीचा एक नकार समोर ठेवले की कारण शोधायला लांब जावे लागत नाही, पण ते कारण मी आपल्याच तोंडून ऐकू इच्छिते.

आता महारेराविषयी. आमची इमारत जुनी आहे, विक्री विकसकाने केलेली नाही, आणि स्थावर संपदा कायद्यातील दलालांच्या नोंदणीचे कलम विकसक विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरते आहे, हे मी वाचलेले आहे. मग आपल्या प्रतिनिधींच्या कार्डावर महारेराचा नोंदणी क्रमांक ठळकपणे का छापलेला असतो, असा प्रश्न मला पडतो. घर घेताना तो क्रमांक विश्वासासाठी दाखवायचा आणि तक्रार आली की तो कायदा आम्हाला लागू नाही म्हणायचे, हे बरे दिसत नाही. पण तो वाद मी बाजूला ठेवते, कारण माझे म्हणणे त्यावर अवलंबून नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये अभिकर्त्याविषयी (म्हणजे एजंटाविषयी) स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याच्या कलम २२० नुसार, सोपवलेल्या कामात गैरवर्तन करणाऱ्या अभिकर्त्यास कामाच्या त्या भागाचा मोबदला मागता येत नाही. किमतीची बोलणी हा त्या कामाचा गाभा होता, आणि गैरवर्तन नेमके तेथेच झाले आहे.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात नोंदवते. मार्चमध्ये प्रतिनिधींनी असा प्रस्ताव ठेवला होता की खरेदीखतात ७६ लाख दाखवावेत आणि १० लाख रोखीने घ्यावेत. त्यात खरेदीदाराचे मुद्रांक शुल्क वाचते, हे खरे. परंतु स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याच्या कलम २६९एसएस अन्वये मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो, म्हणजे धोका पूर्णपणे आमचा. आम्ही जागीच नकार दिला. आमच्या हिताचे प्रतिनिधित्व करणाऱ्याने हा सल्ला कसा दिला, याचाही खुलासा व्हावा.

दुसरी गोष्ट नळाची. २० फेब्रुवारीला गुरुवार होता आणि देखभालीसाठी त्या दिवशी पाणीपुरवठा बंद होता. पार्टीला पाण्याचा दाब दाखवण्यासाठी प्रतिनिधींनी स्वयंपाकघरातला महापालिकेचा थेट नळ उघडला, पाणी आले नाही, आणि तो तसाच उघडा ठेवून ते कुलूप लावून गेले. सिंकमध्ये कोणीतरी चहाचे कागदी कप टाकले होते, ते जाळीवर बसले होते. शुक्रवारी सकाळी पाणी सुटले ते सिंक भरून ओट्यावरून जमिनीवर आणि तेथून खालच्या घराच्या छतात गेले. शेजाऱ्यांनी फोन केल्यावर माझे पती त्याच दिवशी नाशिकहून आले. छताच्या पोपड्यांची दुरुस्ती व रंग यांचे ११,५०० रुपये आम्ही शेजाऱ्यांना दिले. रंगाऱ्याची पावती आणि त्या कपांचे छायाचित्र सोबत आहे. प्रतिनिधींनी तेव्हा ‘कंपनीकडून करून देतो’ असे सांगितले होते.

८९ लाखांचा व्यवहार शेवटपर्यंत गेलाच असता असे मी शपथेवर सांगू शकत नाही, त्यामुळे तीन लाखांच्या फरकाची मागणी आज करत नाही. तो हक्क मात्र सोडलेला नाही. माझी मागणी एवढीच आहे की भरलेले ५०,००० रुपये आणि दुरुस्तीचे ११,५०० असे एकूण ६१,५०० रुपये करारात नमूद असलेल्या आमच्या बँक खात्यात परत जमा करावेत, ५१,४८० रुपयांची मागणी रद्द केल्याचे लेखी कळवावे, आणि ३ ते ३० मार्च या काळात आमच्या घरासाठी आलेल्या प्रत्येक प्रस्तावाची तारीख व रक्कम आपल्या नोंदींवरून आम्हास द्यावी. वसुलीसाठी आपल्या कार्यालयातून दर दोन दिवसांनी माझ्या पतींना येणारे फोन तोपर्यंत थांबवावेत. कार्यालयाला जे काही सांगायचे असेल ते लेखी सांगावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. दिलेल्या मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे तेथे मला दाखल शुल्कही भरावे लागत नाही, आणि निवृत्त माणसाला तारखांना हजर राहण्यास सवड असते.

शेवटी एक व्यवहारातली बाब. दोनपैकी एकच किल्ली आपल्या प्रतिनिधींनी खरेदीदारांना दिली आहे. नव्या मालकांनी आता कुलूप बदलले असले तरी दुसरी किल्ली आमच्या सहीने आपल्याकडे आलेली आहे. ती त्यांच्याकडे पोहोचती करून त्यांच्या सहीची पोच आम्हाला पाठवावी.

आपली,
करारातील विक्रेती
(सध्या मुक्काम नाशिक)

सोबत : कराराची प्रत, ७ मार्चच्या संदेशाची छायाप्रत व खरेदीदारांचे संमतीपत्र, शेजाऱ्यांच्या मेहुण्यांचे लेखी निवेदन, ५०,००० रुपये भरल्याची नोंद, रंगाऱ्याची पावती व छायाचित्र.