अल्बम पोस्टात टाकलाय

ओसाका
18 ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन मधेच तुटला. त्याआधी आई, तू म्हणालीस, "फोटो चिकटवत बसतेस म्हणजे एकटी पडलीयेस." ते दोन दिवस मनात राहिलं, म्हणून हे पत्र. मी एकटी पडलेली नाही. शनिवारी ऑफिसातली एक मैत्रीण तिची कात्री आणि डबा घेऊन येते, आम्ही दोघी जमिनीवर पसारा मांडून बसतो. जेवण वेळेवर होतं. टीव्हीवर जपानचा भूकंप दिसला, तर तो ओसाकापासून किती लांब आहे ते आधी दादाला नकाशात बघायला सांग, मग घाबर.

अल्बम काल पोस्टात टाकला. बाबा, पाकिटावरची तिकिटं फाडू नका, मुद्दाम वेगवेगळी मागून लावली आहेत. तिकिटं छापणाऱ्या प्रेसमधल्या माणसाच्या घरी पार्सल जायचं म्हणजे तेवढं हवंच.

फोनमध्ये दोन हजारांवर फोटो साठले होते. त्यातले 126 निवडले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर छापून घेतले. इथला नेहमीचा आकार आपल्यापेक्षा जरा लहान, 89 बाय 127 मिलिमीटर, त्यामुळे पानावर तीन नीट बसतात. आधी तारखेप्रमाणे लावायला घेतले होते. कुराशिकी, मग ओनोमिची, मग हिरोशिमा, मियाजिमा. दहा पानं झाल्यावर ते एखाद्या सहलीच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं. सगळं उचकटलं आणि माणसांप्रमाणे लावलं. कुठला फोटो काढताना कोणाची आठवण आली होती ते मला पक्कं माहीत होतं. बाबांच्या भागात पूल, रुळ आणि गाड्या. आईच्या भागात लोकांच्या दारातल्या कुंड्या, एक भाजीवाली आणि पावसात वाळत घातलेले कपडे. दादाला सायकली. आजीला देवळं.

आजीच्या भागाचं मात्र नीट समजावून सांगते, नाहीतर ती विचारत राहील की देवाच्या पानावर लाल शिक्का कसला. इथल्या देवळात दर्शन झालं की लोक आपली एक वही पुढे करतात. पंख्यासारखी दुमडलेली, जाड कागदाची. आतले पुजारी त्यात ब्रशने काळ्या शाईत देवाचं, देवळाचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहितात, वर लाल शिक्के उमटवतात. बहुतेक ठिकाणी तीनशे ते पाचशे येन द्यायचे असतात. पूर्वी हाताने बौद्ध सूत्र लिहून देवळाला अर्पण केलं की त्याची पोच म्हणून हा शिक्का मिळायचा, आता दर्शनालाही मिळतो. याला गोशुइन म्हणतात. आजी, आपल्याकडे उलट आहे बघ. आपण आजोबांना घेऊन गोदावरीवर गेलो होतो, तेव्हा रामकुंडावरच्या गुरुजींनी त्यांच्या बाडातून आपल्या गावाचं पान काढलं होतं आणि त्यात पणजोबांची सही निघाली होती. तिथे देवाच्या दारच्या वहीत आपलं नाव राहतं, इथे देवाचं नाव आपल्या वहीत घेऊन घरी यायचं. मला दोन्ही आवडलं. ते तुझ्याजवळ बसून सांगायचं होतं.

शिक्के रेल्वे स्टेशनांवरही असतात, पण ते वेगळे. टेबलावर रबराचा मोठा ठसा आणि शाईची गादी ठेवलेली असते, जवळ कोणी नसतं. ज्याला हवा त्याने उमटवून घ्यायचा, फुकट. 1931 साली फुकुई स्टेशनावर पहिला आला म्हणतात. प्रत्येक स्टेशनाचा वेगळा, त्यावर तिथला किल्ला किंवा पूल किंवा फूल. मोठमोठे साहेबसुद्धा गाडी चुकेल ही पर्वा न करता आधी कोऱ्या कागदावर ठसा घेऊन बघतात, मग वहीत. देवळाच्या वहीत मात्र हे चालत नाहीत. तसली वही पाहिली की काही पुजारी लिहायला नकार देतात, म्हणून मी दोन वह्या केल्या आहेत. एकदा एक परदेशी बाई चक्क पासपोर्टवर शिक्का मारायला निघाली होती. मी तिचा हात धरला. असा शिक्का पडला तर पासपोर्ट बाद होऊ शकतो. माझा तर नाशिकरोडला, तुमच्या प्रेसमध्ये छापलेला आहे बाबा, त्याला शाईचा डाग लागू देईन का मी!

रंगीत कागदी पट्ट्या दिसतील त्या कुराशिकीच्या आहेत. ज्या कारखान्यात त्या बनतात तो 1923 साली माश्या पकडायचे चिकट कागद करायला निघाला होता. पट्टीचा डिंक हलका आहे, ती काढली तरी फोटो फाटत नाही. रेल्वेची तिकिटंही खरी आहेत. फाटकातलं यंत्र ती गिळून टाकतं, पण बाजूच्या माणसाला सांगितलं तर तो 'रद्द'चा शिक्का मारून परत देतो. हिरोशिमाचं पान कोरं वाटेल. तिथे दोनच फोटो आणि तारीख आहे. अणुबॉम्बातून उरलेल्या त्या घुमटाभोवती रंगीत पट्टी लावायला हात धजला नाही.

आई, हा अल्बम बघून कपाटातला जुना चिकट पानांचा अल्बम काढशील, आणि कन्याकुमारीचे फोटो सोडवायला बसशील. नखाने ओढू नकोस. आधी दादाने जसे आहेत तसे फोटो काढून ठेवावेत. मग दात साफ करायचा दोरा फोटोमागे सारून हळूहळू करवतीसारखा चालवायचा. नाही निघाला तर सोडून दे. मागे नावं लिहिशील ती पेन्सिलीने, बॉलपेन पुढे उमटतो.

आता राहिलेलं. गच्चीच्या गळतीसाठी साठ हजार पाठवले आहेत. येन उतरलाय म्हणून या वेळी कमी, उरलेले डिसेंबरमध्ये. पुढच्या पावसाची वाट न बघता काम करून घ्या.

दादा, साखरपुड्याला मला येता येत नाही. इथे दीड वर्ष झाल्यावर वर्षाच्या अकरा रजा मिळतात. तापात चार गेल्या हे मी तुम्हाला सांगितलं होतं. पाच या जूनच्या प्रवासात गेल्या, ते सांगितलं नव्हतं. तेव्हा तुझी तारीख ठरली नव्हती, पण बोलणी चालू आहेत हे मला माहीत होतं. अल्बम चाळताना ते पाच दिवस तुला दिसतीलच, म्हणून आधी लिहिते. लग्नाला दहा दिवस येणार, वरिष्ठांकडून लेखी घेतलंय.

शेवटी वहिनीचा भाग आहे. एकच पान झालं. मियाजिमाची समुद्रातली कमान, ओहोटीला लोक तिच्यापर्यंत चालत जातात तेव्हाची. तिला काय आवडतं ते मला माहीत नाही, दोन वेळा व्हिडिओवर बोललो तेवढंच. तिला विचारून कळव, मी आणखी पानं पाठवते, मधे घालता येतील अशी बांधणी आहे.

आजीला गुडघ्याचं तेल लावत जा. चिवड्याचं पाकीट पोचलं, संपलंसुद्धा.

तुमची,
चिऊ

ता. क. आई, पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही. रविवारी बोलेन त्यांच्याशी, पण तू शेजारी बसून ऐकायचं नाही.