बागेपर्यंत जाईल अशीच खुर्ची घेऊया

डोंबिवली,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांचा डावा पाय गुडघ्याखालून काढल्यापासून फोनवर चाकांच्या खुर्चीचा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणतात आणि आई लगेच भाताचं विचारते. म्हणून लिहूनच कळवते आहे. दोघांनी मिळून सावकाश वाचा. दादाशी माझं सगळं बोलणं झालं आहे, आमचं दोघांचं एकमत आहे.

भाऊकाकांनी आणून दिलेली घडीची खुर्ची परत करू नका. ती घरात राहू दे. ओटीवरून माजघरात, माजघरातून न्हाणीपर्यंत ती बरी आहे. पण बाबा, ती खळ्यातून बाहेर पडायच्या कामाची नाही, आणि "एवढी आहे की, चालेल" असं म्हणून तुम्ही तिच्यावरच भागवणार असाल तर माझा त्याला साफ विरोध आहे. तशी खुर्ची दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली असते. मागची चाकं 24 इंचांची, पण पुढची जेमतेम 7-8 इंचांची, अरुंद आणि टणक रबराची. मोठं चाक दगडावर चढून जातं, लहान चाक त्याच दगडाला अडतं. खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. मऊ मातीत तर ती अरुंद चाकं रुततातच. आपल्या पाणंदीत जांभ्याचे सुटे चिरे, त्यांच्यामधली लाल माती आणि वर काजूचा पाचोळा. तिथे ती खुर्ची आईने ढकलायची म्हणजे बाबा पडणार आणि आईची कंबर जाणार, दोन्ही एकदम.

मला हवी आहे ती बाहेरच्या जमिनीसाठी बांधलेली खुर्ची. अशा खुर्च्या आहेत आणि त्यामागे फार मोठं काम आहे. अमेरिकेत राल्फ हॉचकिस नावाचे एक इंजिनिअर आहेत. 1966 साली मोटारसायकलच्या अपघातात त्यांचे पाय लुळे पडले, तेव्हापासून ते स्वतः खुर्चीवर. गरीब देशांतल्या कारागिरांबरोबर बसून त्यांनी 'रफरायडर' नावाची खुर्ची घडवली. तिच्यात दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. पुढची चाकं रुंद, फुगीर, लवचीक रबराची, म्हणजे ती मातीत रुतण्याऐवजी वरून जातात. आणि ती चाकं नेहमीपेक्षा बरीच पुढे बसवलेली, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर लांब. अंतर लांब असलं की खड्ड्यात पुढे तोंडावर पडायची भीती खूप कमी होते. बाबा, तुम्ही पंपाचा पाया घालताना सांगायचात ना, बूड रुंद ठेवा म्हणून, तेच तत्त्व. लांब खुर्ची वळायला जागा जास्त खाते, घराच्या दारांतून आणि उंबरठ्यांवरून तिचा त्रास होतो. पण घरासाठी भाऊकाकांची आहेच, तेव्हा ती अडचण आपल्याला नाही.

तीन चाकांची खुर्चीही मी बघितली. मागे दोन आणि पुढे मधोमध एकच मोठं चाक. खडबडीत जमिनीवर तिची तिन्ही चाकं कायम टेकलेली राहतात, तिपाई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही तशी. पहिल्यांदा मला तीच आवडली होती. पण मग बागेचा रस्ता डोळ्यांसमोर आणला. टेम्पो जाऊन जाऊन दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पडल्या आहेत आणि मध्ये गवताचा आणि खडीचा उंचवटा उभा राहिला आहे. मागची दोन चाकं चाकोरीच्या काठांवरून जाणार आणि पुढचं एकटं चाक नेमकं त्या उंचवट्यावरून दगड मोजत जाणार. दुसरं म्हणजे बाबांची सवय. पडलेली काजूची बी दिसली की वाकून उचलल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीनचाकीत पुढे आणि बाजूला असं तिरकं वाकलं तर ती त्याच कोपऱ्यावर कलंडू शकते. म्हणून माझं मत चार चाकांकडे, लांब बांध्याच्या खुर्चीकडे आहे.

आणखी एक प्रकार बाबांना नक्की आवडेल, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अमोस विंटर यांच्या गटाने दोन दांड्यांची खुर्ची केली. चाकाची कडी हाताने फिरवायची नाही, दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्या पुढे ढकलायच्या. दांडी वरच्या टोकाला धरली की जोर जास्त मिळतो, चढावर आणि मातीत उपयोगी. खाली धरली की सपाटीवर वेग मिळतो. गिअर म्हणजे तुमचा हातच. फिरणारे भाग सगळे सायकलचे, म्हणजे कुठल्याही गावात दुरुस्त होतील असे. आपल्याकडे जयपूर फूटच्या संस्थेबरोबर तिच्या चाचण्याही झाल्या. दोन्ही खांदे दणकट असतील त्याला ती उत्तम. बाबांचा उजवा खांदा थंडीत धरतो, म्हणून मी जोर करत नाही, पण मुंबईला आल्यावर एखादी बसून बघायला मिळाली तर बघूया.

आता बाबांच्या पायामुळे ज्या गोष्टी बघायला लागतील त्या. आई, हे तू नीट वाच.

डावा पाय गुडघ्याखालून गेल्यामुळे खुर्चीत पुढच्या बाजूचं वजन कमी झालं आहे. चढावर खुर्ची मागे कलंडायची शक्यता त्यामुळे वाढते. उपाय दोन. मागच्या चाकांचा आस थोडा मागे सरकवायचा, नाहीतर मागे जमिनीलगत दोन छोटी आधाराची चाकं लावायची. दुकानात सरसकट ती छोटी चाकंच सुचवतात. खडबडीत जमिनीवर ती खड्ड्याच्या काठाला अडकतात, आणि दगड ओलांडायला खुर्ची मागे कलती करून पुढची चाकं उचलायची म्हटली तर मध्ये येतात. म्हणून आस सरकवता येईल अशीच खुर्ची घ्यायची. आस मागे गेला की पुढच्या चाकांवर भार वाढतो हे खरं, म्हणूनच मी पुढच्या रुंद चाकांसाठी एवढी अडून बसले आहे.

डाव्या मांडीखालून गुडघ्यापुढे येणारी एक फळी हवी, गादी लावलेली. गुडघा तासन् तास वाकलेला लोंबत राहिला की तो तसाच आखडतो, आणि पुढे कृत्रिम पाय बसवताना फार अडचण होते. सूजही उतरत नाही. ही फळी कुठलाही सुतार करून देईल, माप मात्र फिजिओथेरपिस्टने द्यायचं.

उजव्या पायाची मला जास्त काळजी आहे. साखरेमुळे तळव्याला कळतच नाही. खुर्ची उडाली आणि पाय पायपट्टीवरून घसरून चाकाजवळ गेला तर बाबांना ते जखम झाल्यावर दिसेल. टाचेमागे पट्टा लागेलच. आणि खुर्चीत बसून जायचं म्हणून पायात काही नको, असं करायचं नाही. पुढून बंद असलेली पादत्राणं घालायची आणि रोज संध्याकाळी तळवा, टाच, बोटांच्या फटी उजेडात बघायच्या. बैठकीची गादीही खुर्चीइतकीच महत्त्वाची आहे. नुसत्या ताणलेल्या रेक्झिनवर दगडाधोंड्यांतून जाणं म्हणजे माकडहाडाशी जखम ओढवून घेणं. चांगल्या घट्ट फोमची गादी, वर घाम शोषणारं कापड. बाबा, बसल्या बसल्या दोन्ही हातांवर अंग उचलून धरायचं किंवा पुढे वाकायचं, अर्ध्या तासाने तरी. बागेत गेल्यावर तुम्हाला भान राहत नाही, तेव्हा आईने आठवण करायची.

टायर हवेचेच घेऊ. पंक्चरच्या भीतीने भरीव रबर घ्यावं असं दादाचं म्हणणं होतं. पण भरीव चाकाचा प्रत्येक हादरा पाठीत जातो आणि मऊ जमिनीत ते ओढायला जड पडतं. पंक्चर नाक्यावर निघतं. फक्त टायरचं माप आधी बघायचं. पुष्कळ खुर्च्यांवर 24 इंच लिहिलेलं असतं, पण त्यांच्या रिमचं माप 540 मिलिमीटर असतं. मुलांच्या गिअरच्या सायकलींना जो 24 इंचांचा टायर येतो तो 507 चा. इंच तेच, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. मोठ्या गिअरच्या सायकलींचं 26 इंची चाक असतं, त्याचं माप 559. ते असेल तर टायर-ट्यूब राजापुरातही मिळेल. मी दुकानात टायरवरचा हा आकडा वाचूनच पैसे देणार आहे. आणि आई, हवा कमी झाली की टायर बारीक होतो आणि ब्रेकचा ठोकळा त्याला नीट टेकत नाही. खुर्ची उतारावर उभी असताना हे फार वाईट. दर आठवड्याला हवा बघायची.

ढकलणाऱ्यासाठी मुठीपाशी सायकलसारखे ब्रेक असतात, ते मी मागून घेणार आहे. बागेकडचा घसारा उतरताना आईने नुसत्या हातांच्या जोरावर बाबांना धरून ठेवायचं हे मला मान्य नाही. तीव्र उतार असेल तिथे खुर्ची उलटी फिरवून, आईने खालच्या बाजूला राहून, मागे बघत हळूहळू उतरवायची. पावसाळ्यात वाटेतला वाहता पऱ्या ओलांडायचा नाही, मग बाग राहिली तरी चालेल.

दादाच्या मनात बॅटरीची खुर्ची होती. ती जड असते. पऱ्यापाशी बंद पडली तर चार माणसं हवीत. हाताची खुर्ची आई आणि गडी मिळून उचलतील.

खुर्ची दुकानात जाऊन नुसती पसंत करून आणायची नाही. माणसाचं माप घेऊन, तो कुठे वापरणार ते विचारून, बसवून बघून आणि वापर शिकवून खुर्ची द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2008 सालीच मार्गदर्शक पुस्तिका काढून सांगितलं आहे. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे बाबांना दाखवायचं मी ठरवलं आहे. बैठक कंबरेला लागून हवी, ऐसपैस नको. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची पोकळी यांत दोन बोटं जागा हवी. पायपट्टी जमिनीपासून दोन इंच तरी वर हवी, आपल्या वाटेला मी जास्तच मागेन.

तोवर तुम्ही तिथे काही कामं करून घ्या. गवंड्याला बोलवा. ओटीच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट उंची होते. 1 फूट चढायला 12 फूट लांबी, हा उताराचा हिशेब. म्हणजे 18 फूट लांब उतार. खळ्याच्या कडेने, तुळशीला वळसा न घालता तो बसतो, मी मागच्या वेळी बघून ठेवलं आहे. गवंडी म्हणेल एवढा कशाला, आठ फुटांत भागवतो. ऐकू नका. रुंदी चार फूट, बाहेरच्या बाजूला बोटभर उंच कठडा आणि वर खरखरीत झाडूचा हात मारलेलं सिमेंट. चकचकीत लादी नको, पहिल्या पावसात शेवाळं धरेल. बागेच्या बेड्याचं दार तीन फुटांहून कमी रुंद आहे असं मला वाटतं. मोजा आणि कमी असेल तर कुंपणाच्या गडग्याचे दोन-चार दगड काढून घ्या, चाकावरचे हात सोलवटायला नकोत. पाणंदीतले हलणारे चिरे बसवून मधल्या फटींत मुरूम ठोकून घ्या.

अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र यांचे कागद दादा बघतो आहे. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असलं की केंद्र सरकारच्या योजनेत कानपूरच्या 'अ‍ॅलिम्को'ची साधनं शिबिरातून मिळतात. आपलं नाव लागलं तर जरूर घेऊ, पण त्यासाठी बाहेरची खुर्ची थांबवायची नाही. पैशाचं तुम्ही काढू नका. तो विषय आमच्याकडे संपला आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात, "आता मला कुठे जायचंय?" मला त्या वाक्याने झोप लागली नाही. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक तरुण वयापासून खुर्चीवर आहेत, त्यांनी शेकडो मुलांना शिकवून उभं केलं. तुम्हाला तर फक्त स्वतःच्या बागेत जायचं आहे. तुम्ही बांधलेली कलमं आहेत ती. फवारणी कधी करायची, कुठल्या झाडाचा मोहोर करपतोय हे गड्याला दुरून कळत नाही आणि ओटीवर बसून तुम्हालाही कळणार नाही. ढकलणारं कुणी नसलं तरी सपाट भागात तुम्ही स्वतः चाकं फिरवत झाडापर्यंत जावं, ही माझी इच्छा आहे आणि हट्टही.

मी पुढच्या महिन्यात तुम्हाला न्यायला येते. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढते, खालची बर्थ. बाबांची साखरेची जुनी फाइल, शस्त्रक्रियेचे कागद आणि चालू गोळ्या एका पिशवीत भरून ठेवा. उताराचं काम त्याच्या आत सुरू झालं पाहिजे. सिमेंटला पाणी मारायची आठवण गड्याला रोज करा.

तुमची,
बाय