सलाईनची बाटली कोमट करणाऱ्या अण्णांना

नमस्कार अण्णा,

जनावरांच्या दवाखान्यातले अण्णा एवढंच लिहिते; नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. "ड्यूटीच आहे की आक्का, त्यात काय एवढं" असं म्हणून तुम्ही गाडीला किक मारलीत. त्या दिवशी तुमच्यापुढे मला बोलताच आलं नाही, नुसतं रडू येत होतं. आमची मांजर ठमी जाऊन अजून महिना व्हायचाय. विणायच्या मागाच्या खोलीत पाय टाकला की ताणलेल्या सुताखाली वाकून बघायची माझी सवय काही सुटत नाही. जे तोंडाने सांगता आलं नाही ते लिहून सांगते, आणि चार लोकांत सांगते.

ठमी २००७ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आली. सासूबाईंनी आणली होती, उंदरांसाठी. विणकराच्या घरात उंदीर काय करतो हे आम्हा वडगावकरांना वेगळं सांगायला नको. एका रात्रीत सुताच्या लडी कुरतडून ठेवतो, आठवड्याची कमाई गेली. ठमी आली आणि त्या काळजीतून आम्ही सुटलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं, मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं, तेव्हा ती पाणी ओसरेपर्यंत माळ्यावर सासूबाईंच्या उशाशी बसून होती. पुढे सासूबाई गेल्या. त्यांच्या हाताची सवय असलेला घरात एवढाच जीव उरला होता. "मांजरच ते" म्हणणाऱ्यांना हे कसं सांगायचं?

गेल्या थंडीपासून ती पाणी फार प्यायला लागली. भांडं भरून ठेवलं की संपायचं. अंगावरचं मांस उतरलं, केस राठ झाले, तोंडाला वास यायला लागला. तेव्हा आम्ही तिला एका दवाखान्यात नेलं. कुठल्या ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी टेबलापलीकडून नुसतं बघितलं. पिशवीतून बाहेर काढायलाही सांगितलं नाही. "म्हातारं मांजर आहे, कशाला खर्च करताय? पिल्लू पाहिजे तर सांगा." फी मात्र घेतली. दुसरीकडे फोन केला तर, अंग गरम लागतंय ना, मग माणसाची तापाची अर्धी गोळी द्या, असा सल्ला मिळाला. मी दिली नाही, देवाचीच कृपा. नंतर तुमच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. मांजराच्या लिव्हरला पॅरासिटामॉल पचवताच येत नाही, रक्त नासतं, एका गोळीने जीव जाऊ शकतो, म्हणाल्या. ज्यांना हे माहीत असायला पाहिजे त्यांनीच असं सांगावं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मॅडमनी रक्त तपासलं आणि किडनी गेल्याचं स्पष्ट सांगितलं. रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मांजराची बरीचशी किडनी आधीच निकामी झालेली असते. गेलेली परत येत नाही, सलाईनने बरं वाटेल एवढंच. खोटी आशा लावली नाही याबद्दल त्यांचेही उपकार आहेत. पण हे पत्र तुम्हाला आहे अण्णा, कारण त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते कुणी सांगून करत नाही.

आषाढाची झड लागली होती. सकाळपासून लाईट नव्हती. दिवसभर गाई-म्हशींच्या मागे राबून, रेनकोटातून पाणी गळत तुम्ही घरी आलात. मला वाटलं, पटकन सुई टोचाल आणि जाल. तुम्ही सलाईनची बाटली हातात घेतलीत, गालाला लावून बघितलीत आणि म्हणालात, "आक्का, पातेल्यात पाणी तापवा." गरम पाण्यात बाटली ठेवून तुम्ही खाली जमिनीवर मांडी घालून बसलात. मध्येमध्ये बाटली काढायचात, हलवायचात, परत ठेवायचात. मग नळी जोडून दोन थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाडलेत, बाळाला दूध पाजण्याआधी आई बघते तसे. थोडं गरम लागलं असावं, म्हणून आणखी थांबलात. बाहेर अंधार पडत होता, तुम्हाला घर गाठायचं होतं, तरी थांबलात.

"थंड सलाईन अंगात गेलं की म्हातारं जनावर कुडकुडतं," एवढंच म्हणालात.

मग "बा तंगी, बा", म्हणजे ये बहिणी ये, करत तिला मांडीवर घेतलंत, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचललीत आणि सुई सरकवलीत. ठमी हललीसुद्धा नाही. पाठीवर पाण्याचा मऊ फुगा आला, हळूहळू पुढच्या पायाकडे उतरला. हा सकाळपर्यंत जिरेल, घाबरू नका, म्हणालात. त्या रात्री तिने कितीतरी दिवसांनी स्वतःचं अंग चाटलं.

तिला थंडी वाजेल हा विचार तुमच्या मनात आला, अण्णा! मला तेच विसरता येत नाही. औषध पैसे टाकले की मिळतं. आमच्या या सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत आहे यावरून माणसं एकमेकांकडे पाठ फिरवतात. तुम्ही बैलहोंगलकडचे, घरात कन्नड बोलणारे. आमच्या उंबऱ्यात आलात तेव्हा कोण, कुठले, किती देणार, काहीच विचारलं नाहीत. जनावर कुठाय, एवढंच विचारलंत. चांगुलपणावरची भाषणं गावात पुष्कळ ऐकली. ज्याला कधी कुणाला काही सांगता येणार नाही अशा मुक्या जिवाशी माणूस कसा वागतो, ते मी त्या संध्याकाळी बघितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सुई कशी धरायची ते मला शिकवलंत, आणि शेवटचे दिवस तिचे त्रासात गेले नाहीत. ती गेली त्या दिवशी ड्यूटीच्या आधी येऊन परड्यात कढीपत्त्याजवळ खड्डा तुम्हीच खणलात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून चांगला खोल. शेजारचे काहीजण गॅलरीतून बघत होते. मांजरासाठी एवढं कशाला, हेही कानावर आलं. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत आणि माती दाबत राहिलात.

आता दोन कामाच्या गोष्टी. सलाईनच्या काही बाटल्या सीलबंद उरल्यात, सुयाही आहेत. दुसऱ्या कुणाच्या जनावराला उपयोगी पडतील, या आठवड्यात दवाखान्यात आणून देते. आणि पैसे तर तुम्ही घेतले नाहीत, म्हणून वहिनींसाठी एक साडी मागावर चढवली आहे. हिरवी, लाल काठाची. गणपतीच्या आधी उतरेल. घेऊन आम्ही दोघं घरी येऊ. नको म्हणायचं नाही.

तुमची,
वडगावची आक्का