पेट स्कॅन नको, आईचं दुसरं ठरवलंय

नेरूळ, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबांना सा. न.

फोनवर बाबा मध्येच बोलतात आणि आई “बरं बरं” म्हणून ठेवून देते, म्हणून लिहितेय. पेट स्कॅनची तारीख मी रद्द केली. त्याऐवजी आईच्या थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन देऊन सगळ्या अंगाचा (होल बॉडी) स्कॅन आणि जोडीला स्पेक्ट-सीटी, म्हणजे स्कॅनवरच्या ठिपक्याची नेमकी जागा दाखवणारी तपासणी, इथे नवी मुंबईतच. तुम्हाला विचारत बसले असते तर विषय पुन्हा “शेजारच्या काकांचा पेट केला, मग हिचा का नाही” इथपर्यंत गेला असता.

बाबा, रागावू नका. पैसे वाचवायला केलेलं नाही. काकांचा कॅन्सर फुफ्फुसाचा. पेटसाठी टोचतात ती किरणोत्सारी साखर, ती त्यांच्या गाठीने ओढून घेतली आणि गाठ दिसली. आईचा थायरॉईडचा, पॅपिलरी प्रकारचा आहे. त्या पेशी अजून थायरॉईडसारख्याच वागतात, त्यांना ओढ आयोडीनची. पुढेमागे रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) चढलं आणि आयोडीन स्कॅन मात्र कोरा आला, तर पेट करू. त्यात आईची शुगर! ती चढलेली असली की पेटचं चित्र बिघडतं.

नुसत्या आयोडीन स्कॅनवर मानेत ठिपका दिसतो. तो ऑपरेशननंतर उरलेल्या थायरॉईडचा की लिम्फ नोडचा (लसिकाग्रंथीचा), हे सांगता येत नाही. जोडीला सीटी असली की जागा कळते. पंचावन्नच्या पुढच्या पेशंटमध्ये स्टेज बरीचशी या जागेवरच ठरते. आईसारख्या छोट्या गाठीत मानेतल्या नोडपर्यंतच असेल तर दुसरी, फुफ्फुसात किंवा हाडात असेल तर चौथी. हा आकडा वाचून आई, देवापुढे बसू नकोस. तसं काही असेल असं डॉक्टर म्हणालेले नाहीत, आणि असलंच तरी या आजारात आयोडीनने ते पुष्कळदा आटोक्यात ठेवता येतं.

सोमवारी त्या आयोडीनची एक कॅप्सूल, गुरुवारी स्कॅन. डोस मुद्दाम थोडा देतात, कारण जास्त झाला तर पेशी सुस्तावतात आणि पुढचा उपचाराचा डोस नीट घेत नाहीत. तुझी खोली तयार आहे. बाथरूम लागूनच आहे, कमोडला धरायला दांडा बसवलाय, उशी तुला हवी तशी पातळ आणलीय. बाबांचा पेपर इथेही येतो. ठाण्यातला तलावपाळीचा फेरा तेवढा चुकेल.

स्कॅनसाठी थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या हार्मोनची) गोळी बंद केल्यावर थंडी वाजेल, चेहरा सुजल्यासारखा दिसेल, काही करावंसं वाटणार नाही. नको करूस. मला ताप आला की माझे पाय मांडीवर घेऊन, पदरात गुंडाळून तू रात्रभर बसायचीस. आता मी बसेन, आणि तू “उगाच कशाला” म्हणायचं नाहीस.

आता नीट ऐका. स्कॅनचं आयोडीन पेशींनी ओढून घ्यायला त्या आयोडीनला भुकेल्या हव्यात. मीठ बिगर-आयोडीनचंच, सैंधवाच्या पाकिटावरही वाचून घ्या, त्यातही आयोडीन घातलेलं असतं. सुरमई, बोंबील, सुकट, अंडी, दूध, दही स्कॅन होईपर्यंत बंद. बाबा, तुम्ही खुशाल खा, पण तिच्यासमोर नको. बेटाडाइनच्या गुळण्या आजपासून बंद, त्यात आयोडीनच असतं. आणि मला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून कॉन्ट्रास्ट सीटी काढायची नाही. त्या औषधातल्या आयोडीनने हा स्कॅन कित्येक आठवडे पुढे जाईल.

शनिवारी हे गाडी घेऊन येतील. ट्रान्स-हार्बर लोकलने येण्याचा हट्ट नको. ऑपरेशनचे रिपोर्ट आणि बायोप्सीचा कागद निळ्या फाइलमध्ये आहेत. बाबा, ती फाइल आजच दाराजवळ काढून ठेवा.

तुमची,
मनू