बाबा, फ्रँकेलबद्दल

न्यूमार्केट, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, हा शर्यतीचा घोडा फ्रँकेल एवढा काय मोठा? तेव्हा घाईत धड सांगता आलं नाही. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत बाबांना तूच वाचून दाखव.

आमची रोजची रपेट वॉरन हिलवर असते. चढ संपतो तिथे वॉरन प्लेस, पूर्वीचा सर हेन्री सेसिल या ट्रेनरचा तबेला. फ्रँकेल तिथलाच. १४ वेळा पळाला, १४ वेळा जिंकला. पण लहानपणी लगाम भलता ओढायचा. २०११च्या टू थाउजंड गिनीजला, म्हणजे इथल्या मैलाच्या मोठ्या शर्यतीत, गेट उघडताच सुटला तो सुटलाच. अर्ध्या वाटेत बाकीचे पंधराएक लांबी (घोड्याच्या अंगाची लांबी) मागे! जिंकला सहा लांबीने. लोक वेडे झाले, पण तुमच्या कपाळाला आठी पडली असती. दीड महिन्याने अ‍ॅस्कटला असाच लवकर सुटला आणि शेवटी जेमतेम पाऊण लांबीने वाचला.

सेसिलनी घाई केली नाही. सकाळच्या कामाला त्याच्यावर शेन फेदरस्टनहॉ बसायचा. त्याने महिनोन्‌महिने त्याला शांत पळायला शिकवलं. बाबा, जॉकी टॉम क्वीली सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या मते निम्मं श्रेय या शेनचं. ऑगस्ट २०१२ मध्ये यॉर्कला फ्रँकेल पहिल्यांदाच मैलाच्या पुढे पळाला. मागे निवांत राहिला, सरळ रस्त्यावर बाहेरून आला आणि सात लांबीने जिंकला. सेसिल तेव्हा कॅन्सरने खंगले होते, आवाज कुजबुजण्याइतका उरला होता. तरी रेसकोर्सवर हजर होते. पुढच्या जूनमध्ये गेले. ते वाचताना मला तुमची फार आठवण आली.

नंतर फ्रँकेल पैदाशीसाठी इथल्याच बॅनस्टेड मॅनर स्टडवर गेला, जिथे जन्मला तिथेच. थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्येक घोडी त्याच्याकडेच न्यावी लागते. २०१३ मध्ये त्याची पैदाशीची फी सव्वा लाख पौंड होती, २०२४ मध्ये साडेतीन लाख. मोठ्या घोड्याची पोरं बापासारखी निघतीलच असं नसतं, हे तुम्ही पुण्याच्या तबेल्यात कितीदा पाहिलंत. याची निघाली. अदायारने २०२१ची डर्बी मारली, अल्पिनिस्टाने पुढच्या वर्षी पॅरिसची आर्क ही मोठी शर्यत. क्रॅक्समनने तर बापाची शेवटची रेस, अ‍ॅस्कटची चॅम्पियन स्टेक्स, लागोपाठ दोन वर्षं जिंकली.

आज माझी तीन वर्षांची घोडी ऐन चढावर ओढायला लागली. तळहात सोलवटले. मग तुमचं आठवलं, "तिच्या तोंडाशी भांडू नकोस." हात खाली घेतले, खरारा करताना तुम्ही घालायचात ती शीळ घातली. तिने एक कान मागे वळवला आणि माथ्यापर्यंत तो तसाच माझ्याकडे ठेवला.

आई, बाबांना थेंब वेळेवर घाल.

तुमचा,
बाळू